रक्त एक, छप्परही एक

हेन्री व्हॅनडाइक कार्टर १८५८ साली मुंबईत उतरला, तेव्हा त्याने तिशीही गाठली नव्हती. त्याच्या आयुष्यातलं सर्वांत गाजणारं काम मात्र मागे लंडनमध्ये छपाईच्या वाटेवर होतं. ते पुस्तक म्हणजे ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’. मजकूर ग्रेचा, चित्रं सगळी कार्टरची. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या त्या चित्रांवरून माणसाचं शरीर शिकल्या. नाव लक्षात राहिलं ते ग्रेचं. कार्टर ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवू लागला आणि जे. जे. रुग्णालयात शवविच्छेदनं करू लागला. भायखळ्याच्या जमशेटजी जीजीभॉय धर्मशाळेत रक्तपितीचे, म्हणजे महारोगाचे किंवा कुष्ठरोगाचे, रुग्ण आश्रयाला असत. त्यांच्यापैकी कुणी दगावला की, इतर डॉक्टर ज्याला हात लावायला कचरत, तो देह कार्टरच्या टेबलावर येई.

रक्तपिती हा रक्ताचा आणि कातडीचा रोग, अशी तेव्हाची समजूत. नावातच रक्त आहे. कार्टरने कातडीखाली पाहिलं. कोपराच्या आतल्या बाजूने करंगळीकडे जाणारी नस, गुडघ्याच्या बाहेरून पावलाकडे वळणारी नस, यांचे दोर जाड झालेले, जागोजाग फुगलेले होते. हाताची बोटं वाकतात, चट्ट्यावर सुई टोचली तरी कळत नाही, चुलीचा चटका बसूनही माणूस हात मागे घेत नाही. या सगळ्याचं मूळ या दोरांत होतं. १८६२ साली मुंबईच्या मेडिकल अँड फिजिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्याने हे मांडलं. नॉर्वेत डॅनिएलसेन नावाच्या डॉक्टरने त्याआधीच मज्जातंतूंकडे बोट दाखवलं होतं. पण इथल्या माणसांच्या देहांत, चित्रकाराच्या डोळ्याने ते पाहणारा कार्टर.

रोग मज्जातंतूंचा, एवढं ठरलं. तो येतो कुठून, हे ठरायचं होतं.

१८६३ मध्ये कार्टर साताऱ्याला सिव्हिल सर्जन म्हणून गेला आणि पुढची आठ-नऊ वर्षं त्या मुलखात राहिला. सातारा जिल्हा आणि फलटणच्या निंबाळकरांचं संस्थान उत्तरेला नीरेपाशी थांबतं. नदी ओलांडली की पुणे जिल्हा, बारामती तालुका, वडगाव निंबाळकर. सरकारी नकाशात नदी ही सीमा असली तरी सोयरिकींना ती कधी आडवी आली नाही. लेकी इकडून तिकडे जातात, सुना तिकडून इकडे येतात. सोयरीक जमवताना शेतीवाडी, कुळी, देवक यांच्याबरोबर आणखी एक चौकशी दबक्या आवाजात होते: ‘घराण्यात काही नाही ना?’ या ‘काही’मध्ये वेड येई, फेफरं येई, कोड येई, पण सगळ्यांत आधी येई महारोग.

यात गाव दोन्ही डगरींवर हात ठेवून होतं. रोग्याला वस्तीबाहेर ठेवायचं, म्हणजे रोग स्पर्शाने होतो असं धरायचं. आणि त्याच्या धडधाकट मुलीला स्थळ नाकारायचं, म्हणजे रोग रक्तातून उतरतो असंही धरायचं. दोन्ही शिक्षा एकाच घराला. शास्त्राचाही आधार होता. मिताक्षरेच्या परंपरेत असाध्य रोग्याला वडिलार्जित मालमत्तेत वाटा नव्हता, फक्त पोटगी. भाऊबंदकीत हे कलम चांगलंच उपयोगी पडे. अखेर इंग्रजी न्यायालयांना ठरवावं लागलं की रक्तपितीचा कोणताही प्रकार नव्हे, तर वाहत्या व्रणांचा, बळावलेलाच प्रकार असेल तर वाटा बुडेल. कुणाच्या पायाला जखम आहे आणि ती किती वाहते, यावर जमिनीचे वाद लढले गेले. ही अपात्रता कायद्याने गेली ती १९२८ मध्ये.

गावाला अडाणी म्हणण्याआधी लंडनमध्ये काय चाललं होतं ते पाहायला हवं. १८६२ साली रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने साम्राज्यभरच्या डॉक्टरांना एक लांबलचक प्रश्नावली धाडली. उत्तरं गोळा झाली आणि १८६७ मध्ये अहवाल निघाला: रक्तपिती संसर्गजन्य नाही, ती आनुवंशिक आहे. गावातल्या म्हाताऱ्यांचं आणि लंडनच्या नामांकित वैद्यांचं एकमत व्हावं, असे प्रसंग त्या शतकात फार नव्हते.

या मताला भरभक्कम आधार होता तो नॉर्वेचा. बर्गन शहरात डॅनिएल डॅनिएलसेन आणि कार्ल बोएक यांनी १८४७ साली रक्तपितीवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यांनी शेकडो रुग्णांच्या वंशावळी काढल्या. आजोबा, मग काका, मग पुतण्या. कधी एक पिढी सोडून नातू. रेघा स्पष्ट होत्या. डॅनिएलसेन नुसता कागदावर विसंबून राहणारा नव्हता. त्याने रुग्णाच्या गाठीतला अंश स्वतःच्या अंगात टोचून घेतला, मदतनिसांनाही टोचला. एकदा नव्हे, अनेकदा. कुणालाच काही झालं नाही. संसर्ग नाही, हे सिद्ध करायला यापेक्षा प्रामाणिक पुरावा कोणता हवा होता?

इकडे मुंबईत एतद्देशीय डॉक्टरांतही हा विषय चर्चेत होता. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक डॉ. भाऊ दाजी लाड. इतिहास आणि शिलालेखांमुळे आपण त्यांना ओळखतो. पण त्यांच्या दाराशी रांग लागे ती रक्तपितीच्या रुग्णांची. कडू कवठाच्या बियांच्या तेलावर आधारलेलं औषध ते देत आणि त्याची कृती बराच काळ त्यांनी गुपित ठेवली. इतक्या खुल्या मनाच्या संशोधकाने औषध गुप्त ठेवावं, हे कोडं मला कधी नीट उलगडलेलं नाही. १८७४ मध्ये भाऊ गेले. त्याच जातीच्या झाडांचं तेल पुढे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगभर या रोगावर वापरलं जात होतं.

कार्टर १८७२ मध्ये दीर्घ रजेवर निघाला. रजेत माणूस विश्रांती घेतो. हा बर्गनला गेला. तिथे डॅनिएलसेनच्या हाताखाली गेऱ्हार्ड आर्मावर हॅन्सन नावाचा तरुण डॉक्टर काम करत होता. १८७३ च्या जानेवारीत तो डॅनिएलसेनचा जावई झाला आणि फेब्रुवारीच्या अखेरीस रुग्णाच्या गाठीतल्या पेशींत त्याला सूक्ष्मदर्शकाखाली काठीसारखे जंतू दिसले. सासऱ्याचा सिद्धांत जावयाने मोडला. त्याच वर्षी त्याची पत्नी क्षयाने वारली. सासरा-जावयातला स्नेह मात्र टिकला, याचं श्रेय डॅनिएलसेनला द्यायला हवं.

कार्टर तिथे पोचला तो याच वर्षी. १८७४ मध्ये नॉर्वेतल्या रुग्णालयांवरचा त्याचा अहवाल आणि रक्तपितीवरचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध झाला. हॅन्सनचं म्हणणं इंग्रजी वाचणाऱ्या डॉक्टरांपर्यंत आणणाऱ्या पहिल्या मोजक्या लोकांत तो होता. हिंदुस्थानात रुग्णांसाठी वेगळी रुग्णालयं काढावीत, असं तो सरकारला सांगत राहिला. पुढे काठियावाडात फिरून त्याने तिथल्या रुग्णांची पाहणी केली. सरकारने कागद दाखल करून घेतले; पैसा सोडला नाही.

जंतू दिसला म्हणजे वाद मिटला, असं मात्र झालं नाही. जंतू रोगाचं कारण आहे की रोगाबरोबर आलेला उपरा? हॅन्सनला प्राण्यांत रोग पैदा करता येईना, काचेत जंतू वाढवता येईना (तो काचेत आजही वाढत नाही). १८७९ मध्ये त्याने एका रुग्ण बाईच्या डोळ्यात, तिला न विचारता, दुसऱ्या रुग्णाच्या गाठीतला अंश टोचला. तिने तक्रार केली, खटला झाला आणि १८८० मध्ये रुग्णालयातली त्याची जागा गेली.

आनुवंशिकतेच्या मताला खरा धक्का दिला तो सूक्ष्मदर्शकाने नाही, एका प्रवासाने. नॉर्वेतून हजारो शेतकरी अमेरिकेला गेले होते. त्यांत रक्तपितीचे रुग्ण होते, रुग्णांची भावंडं होती. १८८८ साली हॅन्सन मिनेसोटा, विस्कॉन्सिन आणि डाकोटा भागात गेला आणि या घराण्यांची तिथे जन्मलेली मुलं-नातवंडं त्याने शोधून पाहिली. त्यांच्यात एकही रुग्ण सापडला नाही. रक्त तेच होतं. बदललं होतं छप्पर: अंधाऱ्या, कोंदट, एका बिछान्यात चौघं झोपणाऱ्या घराच्या जागी मोकळं शेतघर आलं होतं.

डॅनिएलसेनच्या वंशावळी खोट्या नव्हत्या. त्यांचा अर्थ चुकला होता. एका कुटुंबात जे रक्ताने एक असतात ते बहुधा राहतातही एकत्र. एका ताटात जेवतात, एका वाकळेत झोपतात. रोग बापाकडून मुलाकडे गेला, एवढंच वंशावळ सांगते. तो बीजातून गेला की श्वासातून, हे तिला कळत नाही. त्यात रक्तपितीचा जंतू इतका संथ, की लागण झाल्यावर चट्टा दिसायला सर्वसाधारण तीन ते पाच वर्षं लागतात, कधी वीससुद्धा. बाप वारून मूठमाती मिळालेली असते आणि मुलाच्या अंगावर पहिला चट्टा उमटतो. कोण त्याला संसर्ग म्हणेल?

पुढची काही वर्षंही घोळाची गेली. १८८९ मध्ये हवाई बेटांवर रुग्णांची सेवा करणारा फादर डेमियन त्याच रोगाने वारला आणि युरोपात घबराट उडाली. लंडनमधून आयोग नेमला गेला. १८९०-९१ मध्ये तो हिंदुस्थानभर फिरला. आश्रमांत आईबापांपासून वेगळी वाढवलेली मुलं निरोगी राहतात, हे त्याने पाहिलं आणि आनुवंशिकता जवळपास निकालात काढली. पण संसर्गही नगण्य ठरवला! अहवाल तपासणाऱ्या लंडनच्या समितीलाच ते पटलं नाही. दरम्यान मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर हॅरी अ‍ॅक्वर्थ याने १८९० मध्ये माटुंग्याला बेघर रुग्णांसाठी आश्रम उभा केला. आज वडाळ्याला अ‍ॅक्वर्थ रुग्णालय आहे ते हेच. हा तोच अ‍ॅक्वर्थ, ज्याने शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासोबत मराठी पोवाडे गोळा करून १८९१ मध्ये छापले. दिवसा रक्तपितीचा आश्रम, रात्री अफझलखानाचा पोवाडा, असा हा गोरा अधिकारी मला त्या काळातल्या बऱ्याच गोऱ्यांपेक्षा समजायला सोपा वाटतो. १८९८ मध्ये लेपर्स अ‍ॅक्ट आला: व्रण असलेला निर्धन रुग्ण पोलिसांनी धरून आश्रमात डांबायचा. श्रीमंताच्या व्रणाला कायदा लागू नव्हता. हा कायदा पुस्तकातून पूर्णपणे निघायला २०१६ साल उजाडलं. आणि रक्तपिती हे घटस्फोटाचं कारण राहू नये, ही दुरुस्ती झाली २०१९ मध्ये.

थोडं मागे जाऊ. रक्तपितीचा वाद चालू असतानाच, १८८६ मध्ये, दुसऱ्या एका रोगाला नाव मिळालं. पॅरिसमध्ये जाँ-मार्तँ शार्को आणि त्याचा शिष्य पिएर मारी यांनी पाच रुग्णांचं वर्णन छापलं. पाय नडगीपासून खाली वाळत जातात, पाऊल उचललं जात नाही, तळव्याची कमान उंच होते, बोटं आकसतात. पुढे हातांचंही तेच. आणि बहुधा भाऊ, बहीण, आई यांपैकी कुणात तरी हेच असतं. त्याच वर्षी केंब्रिजला हॉवर्ड हेन्री टूथने याच रोगावर प्रबंध लिहिला. शार्को-मारींना दोष मज्जारज्जूत असावा असं वाटलं. प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने तो हातापायांच्या मज्जातंतूंत आहे असं म्हटलं, आणि तो बरोबर निघाला. शार्को-मारी-टूथ हा रोग खरोखरच वंशातून उतरतो.

म्हणजे एकाच दशकात एका मज्जातंतूरोगाच्या कपाळावरचा ‘आनुवंशिक’ शिक्का पुसायला सुरुवात झाली आणि दुसऱ्यावर तो योग्य कारणाने बसला. पद्धत दोन्हीकडे एकच होती, वंशावळ काढण्याची. एका ठिकाणी ती फसली, दुसऱ्या ठिकाणी बरोबर ठरली.

पॅरिसमध्ये रक्तपिती दुर्मीळ, त्यामुळे तिथे गल्लत व्हायचं कारण नव्हतं. दख्खनेत होतं. बोटं वाकलेली, पायाला न दुखणारी जखम, चाल बिघडलेली, कोपरापाशी नस जाड हाताला लागते: दोन्ही रोगांत हे दिसू शकतं. वंशातून येणाऱ्या मज्जातंतूरोगांचे काही प्रकार तर असे की वेदनाच कळत नाही. लहान मूल स्वतःची बोटं चावतं, पायाला व्रण पडतात आणि हाडं झडतात. अशा घराला गाव काय म्हणत असेल, हे सांगायला नको. आनुवंशिक मज्जातंतूरोग असलेली माणसं रक्तपितीची औषधं गिळत राहिल्याची उदाहरणं वैद्यकीय वाङ्मयात आहेत.

पुढची उकल झाली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. मज्जातंतूच्या धाग्याभोवती आवरण विणणारी पेशी असते. थिओडोर श्वानने ती १८३९ मध्ये दाखवली म्हणून ती श्वान पेशी. रक्तपितीचा जंतू नेमका याच पेशीत घर करतो. त्याला अंगाच्या उबेपेक्षा थोडा थंडावा लागतो, म्हणून तो कातडीजवळच्या नसा निवडतो: कोपराजवळची, गुडघ्याबाहेरची, कानामागची. आणि शार्को-मारी-टूथचा सर्वाधिक आढळणारा प्रकारही याच पेशीचा. १९९१ मध्ये बेल्जियममधल्या आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की सतराव्या गुणसूत्राचा एक तुकडा या रुग्णांत दुप्पट झालेला असतो. त्या तुकड्यावर पीएमपी-२२ नावाचं जनुक आहे. दोनाच्या जागी तीन प्रती झाल्या, की श्वान पेशी आवरण नीट विणत नाही. आईबापांपैकी एकाला हा दोष असेल, तर प्रत्येक अपत्याला रोग मिळण्याची शक्यता निम्मी.

१९९३ मध्ये उलटा प्रकार सापडला. तोच तुकडा गळला आणि एकच प्रत उरली, तर नसा दाबाला हळव्या होतात. १९४७ मध्ये हॉलंडमधलं एक कुटुंब नोंदलं गेलं होतं. त्यातल्या लोकांचे पाय गुडघ्यावर बसून बटाटे काढल्यावर लुळे पडत. तासन् तास उकिडवं बसून खुरपणी करणाऱ्या नीरा खोऱ्यातल्या बायकांना पायाला मुंग्या येणं नवं नाही, आणि त्यातल्या बहुतेक मुंग्या उठून चार पावलं टाकली की जातात. ज्या घरात माय-लेकी दोघींचंही पाऊल खुरपणीनंतर आठवडेच्या आठवडे उचलत नाही, तिथे मात्र दोघींच्याही नसांतून संदेश जाण्याचा वेग मोजायला हवा.

१९९१ च्या शोधातल्या अमेरिकन गटाचा प्रमुख जेम्स लुप्स्की याला स्वतःलाच शार्को-मारी-टूथ रोग आहे. सतराव्या गुणसूत्राचा दुप्पट तुकडा त्याने जगाला दाखवला, पण तो त्याच्या स्वतःच्या रक्तात नव्हता. २०१० मध्ये त्याने आपली सगळी जनुकीय लिपी वाचून काढली, तेव्हा दोष दुसऱ्याच जनुकात निघाला: एक बिघाड आईकडून, एक वडिलांकडून, आणि आईवडील दोघंही चालतेफिरते. ‘घराण्यात काही नाही ना?’ या प्रश्नाला लुप्स्कींच्या घराण्याने बिनदिक्कत ‘नाही’ म्हटलं असतं. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न लावायची रीत आहे. नवराबायकोला एकाच आजोबांकडून तोच लपलेला बिघाड मिळाला, तर दोन निरोगी घरांच्या पोटी रोगी मूल जन्मतं आणि बोल लागतो तो सुनेच्या पायगुणाला.

मुंबईतही वंशावळीचं हे काम नीट झालेलं आहे. जे. जे. रुग्णालयात, जिथे कार्टर विच्छेदनं करत असे, तिथेच डॉ. नोशिर वाडिया यांनी आणि त्यांचे सहकारी स्वामी यांनी १९७१ मध्ये नऊ कुटुंबं एकत्र मांडून तोल जाणाऱ्या, डोळे संथ वळणाऱ्या एका आनुवंशिक आजाराचं पहिलं वर्णन केलं. त्या आजारात हातापायांच्या नसाही झिजतात. पुढे त्याचं जनुक सापडलं. तिथेच डॉ. दराब दस्तूर रक्तपितीने पोखरलेल्या नसा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. आणि नॉर्वेत, हॅन्सनच्याच पश्चिम किनाऱ्यावर, स्क्रे नावाच्या डॉक्टरने १९७४ मध्ये शार्को-मारी-टूथचं प्रमाण मोजलं: साधारण अडीच हजारांत एक. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आजही तोच आकडा देतात.

गंमत अशी की आनुवंशिकता रक्तपितीकडे मागच्या दाराने परतली आहे. जंतू अंगात शिरला तरी बहुसंख्य माणसांना रोग होतच नाही. कुणाला होतो, यात जनुकांचा हात आहे. २००१ मध्ये दक्षिण भारतातल्या कुटुंबांवरून दहाव्या गुणसूत्रावरची अशी एक जागा सुचवली गेली. डॅनिएलसेनला हे वाचायला मिळालं असतं, तर त्याने जावयाकडे एकदा तरी मिस्कीलपणे पाहिलं असतं. पण जनुकाने रोगाची वाट सोपी होते, एवढंच. रोग आणतो तो जंतू, आणि त्याला मारणारी औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात.

त्यामुळे आज वडगाव निंबाळकरच्या परिसरात आशाताई कुष्ठरोग शोध मोहिमेत दारोदार फिरते, तेव्हा तिचं काम छपराशी आहे. चट्ट्यावर स्पर्श कळतो का, हे ती विचारते. रुग्ण निघाला तर एका घरात राहणाऱ्यांची, शेजाऱ्यांची, फडात खोप्याला खोपा लावून राहणाऱ्या ऊसतोड मजुरांची तपासणी होते आणि त्यांना रिफॅम्पिसिनचा एक डोस मिळतो. सहा महिने किंवा वर्षभर औषध घेतलं की रुग्ण बरा होतो. नस कायमची बिघडण्याआधी गाठला, तर हातपायही शाबूत राहतात.

चट्टा नाही, दोन्ही पाय सारखेच वाळलेत, टाचांवर उभं राहता येत नाही, गुडघ्याखाली हातोडी मारली तर पाय उडत नाही, अशा माणसाच्या बाबतीत छपराची चौकशी उपयोगाची नाही. त्याला बहुधा शार्को-मारी-टूथ आहे, आणि त्यावर औषध अजून नाही. पावलाला आधार देणारा पट्टा आहे, व्यायाम आहे, आकसलेल्या पावलाची शस्त्रक्रिया आहे, आणि कॅन्सरवरच्या व्हिन्क्रिस्टीनपासून दूर राहण्याची ताकीद आहे, कारण या रोगात ते औषध नसांचा नाश करतं. त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना काही धोका नाही. त्याच्या भावाची, मुंबईत नोकरीला असलेल्या मुलाची आणि चाळीस वर्षांपूर्वी नीरेपलीकडे फलटणला दिलेल्या आत्याची पावलं मात्र डॉक्टरने बूट-चपला काढायला लावून पाहायला हवीत.